कोतवाल नावाचं तट्टू

पावसाळ्यात काळ्या जमिनीतून सायकल चालत नाही. सायकल खांद्यावर घेऊन माणूस चालतो. एवढ्या एका कारणावरून आमच्या घरात तट्टू आलं. माझं सातवीचं वर्ष सरत आलं होतं. गावची शाळा सातवीला संपत होती आणि आठवी राजूरला होती, सहा किलोमीटरवर. वाटेत दोन नाले, एक चढ आणि बाकी सगळी कापसाची नि ज्वारीची रानं. एसटी गावात येत नव्हती. मुलं पायी जात आणि पावसाळ्यातले निम्मे दिवस जात नसत. गावातली एकही मुलगी तोवर आठवीला गेलेली नव्हती. मला जायचं होतं. का जायचं होतं याचं नेमकं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आणि आज शोधून लिहिलं तर ते खोटं असेल, म्हणून लिहीत नाही.

घरात निर्णय बापूंचा असे. बापू म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. काकू मी लहान असतानाच वारली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. गावातली बांधाची भांडणं त्यांच्यापुढं येत. दोन्ही बाजू ऐकून ते एक वाक्य बोलत आणि उठत. त्या वाक्यावर पुन्हा बोलणं होत नसे. माझ्या शाळेबाबत त्यांचं वाक्य असं होतं की पोरगी एकटी पायी जाणार नाही आणि तिला रोज सोडायला-आणायला घरात माणूस मोकळा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वडिलांना मी दादा म्हणायचे. दादा बापूंशी वाद घालत नसत. ते ऐकून घेत, विहिरीवरचं इंजिन सुरू करायला जात आणि त्या पुकपुक आवाजात विचार करत. चौथ्या दिवशी ते इंजिन बंद करून आले आणि म्हणाले, पायी नको तर नको, बसून जाईल.

ज्वारीची काढणी झाली की दरवर्षी ठकूबाई धनगरीण आणि तिचा नवरा आमच्या रानात मेंढ्या बसवायला येत. मेंढ्या आठ-दहा दिवस रानात बसल्या की खताचं काम होई, आणि बदल्यात त्यांना धान्य मिळे. त्यांच्याकडं एक घोडी होती. घोडीच्या पाठीवर त्यांचा सगळा संसार: वाकळ, भांडी, दोन कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरं. तिच्या मागं तिचं शिंगरू चाले, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, तिसऱ्या वर्षात पदार्पण केलेलं. ठकूबाईला ते नकोच झालं होतं. घोडी असती तर ठेवली असती, हे नर निघालं, नुसतं मागं मागं फिरून खातंय, असं तिचं म्हणणं. दादांनी तिला दोन पोती ज्वारी दिली आणि तट्टू ठेवून घेतलं. जाताना तिनं एक लंगडं कोकरूही मायजवळ दिलं. ते कळपाबरोबर चालू शकत नव्हतं, आणि आमच्या घरी शेळी दुभती होती. तट्टाला काय काय शिकवावं लागेल असं दादांनी विचारलं तेव्हा ठकूबाई म्हणाली, “त्याला समदं येतं. शिकवाया लागत न्हाई.” मग मेंढ्या हसनाबादच्या अंगाला निघून गेल्या.

ठकूबाईचं वाक्य शब्दशः खरं होतं. ते आम्हाला कळायला सात आठवडे लागले.

पहिल्या आठवड्यात तट्टानं जे केलं त्याची यादी देता येईल. मायनं गव्हाचा चीक शिजवून बाजेवर कुरडया घातल्या होत्या; त्यानं बाजेची एक पूर्ण कड खाल्ली, आणि मधल्या कुरडयांपर्यंत तोंड पोचत नव्हतं म्हणून बाज तोंडानं फिरवून घेतली. दादांच्या सदऱ्याची दोन बटणं खाल्ली. छत्री उघडली की ते कान मागं पाडून छत्रीकडं पाठ करी आणि छत्री मिटेपर्यंत तसंच राही. ताज्या भाकरीला तोंड लावत नसे, शिळी दिली तर खाई, शिळीला ठेचा लागलेला असेल तर आधी ओठ उचलून दात दाखवी आणि मग तीही खाई. डाव्या कानाला हात लावलेला चालत नसे, उजव्या कानामागं खाजवलं तर डोळे मिटून खालचा ओठ लोंबता सोडी. मी दिवसातून चाळीस वेळा खाजवत होते. आज माझ्या वयाला शोभत नाही, पण तो लोंबता ओठ आठवला की मला अजून हसू येतं, एकटी असले तरी.

माय बापूंशी थेट बोलत नसे. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नाही हा रिवाज होता. काही सांगायचं असेल तर ती दाराआड उभी राहून मला किंवा दादांना सांगे, आणि बापू ऐकू आलं नाही असं दाखवून ऐकत. तट्टू आल्यावर तिला सोयीचा माणूस मिळाला. ते अंगणात बापूंच्या बाजेपासून चार हातांवर बांधलेलं असे. माय त्याच्यापुढं वैरण टाकताना मोठ्यानं म्हणे, काय रे बाबा, आमची पोरगी नेशील ना राजूरला, का तुलाबी माणसं मोकळी न्हाईत. तट्टू कडबा खात राही. बापू विडीचं पान वळत राहत. त्या घरात एवढं बोलणं त्याआधी झालेलं मला आठवत नाही.

शेवटी बापूंनी वाक्य दिलं. तट्टानं शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा पोरीला राजूरला नेऊन परत आणावं, बापूंच्या डोळ्यांसमोर, आणि पुढं दोर धरून कोणी चालायचं नाही. “तट्टापुढं माणूस चालून राह्यला, तं मंग तट्टू कशाला? माणूसच नेईल तिला.” हे जमलं तर नाव घालू, नाही तर पुढं बोलायचं नाही. माय दाराआडून आत गेली आणि तिनं त्या दिवशी येसराची आमटी केली, जी ती सणालाच करत असे.

दोर धरून पुढं चाललं की तट्टू मागून येई, अगदी सभ्यपणे. मोकळं सोडलं की अंगणभर हिंडे. पण पाठीवर वाकळेची घडी टाकून, पोटाखालून दोर आवळून मला वर बसवलं आणि पुढचा माणूस बाजूला झाला की ते उभं राही. कुठं बिघडलंय असं दिसत नसे. ते थकलेलं नसे, भ्यालेलं नसे, रागावलेलं नसे. चारही पाय बरोबर ठेवून, मान सरळ करून उभं राही. गावातले कोतवाल तलाठ्याच्या दारात असेच उभे राहत, म्हणून दादांनी त्याचं नाव कोतवाल ठेवलं.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या बैलांचं. घोड्याबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. बैलाला जे कळतं ते याला कळलंच पाहिजे अशी सर्वांची समजूत होती. दादांनी आधी ‘हैक’ म्हणून पाहिलं. मग शेपूट पिळली. कोतवालानं मान वळवून दादांकडं पाहिलं, तेवढंच. मग त्याला दावणीला बैलांच्या मधे बांधलं, म्हणजे बघून शिकेल. तो बैलांचं बघून रवंथ करायला शिकला, असं गावातला एकजण शपथेवर सांगत असे. मी स्वतः पाहिलेलं नाही. मग त्याच्या मागं लाकडाचा ओंडका बांधला, कारण गोऱ्हा पहिल्यांदा ओंडक्यावरच चालायला लावतात. कोतवाल ओंडक्यावर बसला. घोडा कुत्र्यासारखा बसलेला गावानं पहिल्यांदा पाहिला आणि माणसं शेजारच्या गल्लीतून बोलावली गेली. सल्ले आले. कोणी म्हणालं कानात फुंका, कोणी म्हणालं उलट्या तोंडानं बसवा, कोणी म्हणालं हे धनगराचं जनावर, मेंढीबरोबर वाढलंय, मेंढीएवढीच अक्कल असणार. या शेवटच्या माणसाला कोणी गंभीरपणे घेतलं नाही, आणि खऱ्या कारणाच्या सगळ्यांत जवळ तोच होता.

मे महिना सरत आला. मी रोज सकाळी न्याहारीला धपाटं खाऊन परकराखाली दादांचा जुना लेंगा घाली, दोरीनं आवळी आणि कोतवालावर चढून उभ्या घोड्यावर तासभर बसे. वरून गाव चांगलं दिसे. कोण कुणाकडं उसनं मागायला गेलं, कुणाच्या चुलीला धूर नाही, हे मला सगळ्यांत आधी कळू लागलं. खाली येऊन मी ते मायला सांगे. एका अर्थानं माझा धंदा तिथंच सुरू झाला.

अशाच एका सकाळी लंगडं कोकरू माझ्या मागं मागं अंगणात आलं आणि तट्टाच्या पायात शिरलं. लाथ बसेल म्हणून मायनं ते उचललं आणि दुसऱ्या हातात भांडं होतं म्हणून वर माझ्या मांडीवर दिलं. उंचीवर आल्यावर कोकरू घाबरलं आणि ओरडलं, ब्यॅऽऽ. कोतवाल चालू लागला. हाकललं नव्हतं, ओढलं नव्हतं. तो अंगणातून निघाला, वेशीतून गेला, मारुतीच्या पारावरून उजवीकडं वळला आणि रानाच्या वाटेला लागला. मी एका हातानं आयाळ आणि एका हातानं कोकरू धरलं होतं. मागं मायच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. दोन शेतं ओलांडल्यावर कोकरू गप्प झालं. कोतवाल उभा राहिला. उजवा कान मागं फिरवला आणि वाट पाहू लागला.

पुढं वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी नव्या माणसांना एकच गोष्ट शिकवली जाई: कानावर आलेलं दोनदा तपासून घ्यायचं. ते मला शिकवावं लागलं नाही. मी कोकराची शेपटी हलकेच ओढली. ते ओरडलं, कोतवाल चालला. ते थांबलं, तो थांबला. तिसऱ्यांदा केलं, तसंच झालं. चौथ्यांदा मी स्वतः ओरडून पाहिलं. कोतवालाचा कान किंचित हलला, तो जरा घुटमळला, बहुधा उच्चाराबद्दल शंका होती, आणि चालू लागला. मी त्या रानातून हसत आणि ओरडत आलटून पालटून किती वेळ फिरले ते सांगता येणार नाही. मला शोधत दादा धावत आले तेव्हा त्यांना वाटलं, पोरीला ऊन लागलं.

कारण दादांनीच उलगडलं, इंजिनाजवळ बसून. धनगर तळ हलवतात तेव्हा भांडी आधी लादतात, मग वाकळ, मग कोंबड्या, आणि अगदी शेवटी कोकरं. गोणपाटाच्या पिशव्यांत कोकरं घातली की ती ओरडतात, खालून त्यांच्या आया ओरडतात, आणि तळ निघतो. कोकरू ओरडलं म्हणजे सगळं लादून झालं, आता चला. कोकरू ओरडलं नाही म्हणजे अजून काही राहिलंय. कोतवाल जन्मल्यापासून हे बघत आला होता. आम्ही त्याच्यावर मला एकटीला लादत होतो आणि तो तास तास उभा राहून उरलेलं सामान येण्याची वाट पाहत होता. दिवाळीनंतर ठकूबाई पुन्हा आली तेव्हा तिनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तुमी काय म्हणून हाकून राह्यले व्हते त्याला?” ‘हैक’ म्हणून, असं दादांनी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत मटकन खाली बसली.

उरलेले दिवस तालमीचे. मायनं गोणपाटाच्या दोन पिशव्या शिवल्या. एका बाजूला कोकरू, दुसऱ्या बाजूला भार सारखा राहावा म्हणून वरवंटा. सकाळी मी फिरून येईपर्यंत घरात चटणी वाटता येत नसे आणि बापूंना कोरडी भाकरी गुळाबरोबर खावी लागे. त्यांनी कारण विचारलं नाही. पिशवीतलं कोकरू त्यांना दिसत होतं, पण तो पोरीचा लाड असेल असं त्यांनी धरलं, आणि आम्ही तिघांनीही ते तसंच राहू दिलं. लपवण्याचं कारण साधं होतं. मेंढीच्या ओरडण्यावर चालणाऱ्या तट्टावर बसून आपल्या घरची मुलगी राजूरच्या रस्त्यानं जाईल, हे बापूंसारख्या माणसाला आधी सांगून पटणारं नव्हतं. माय तेवढी रोज तट्टाला मोठ्यानं सांगे, शिकला गं बाई माझा कोतवाल, बिलकुल शहाणा झाला.

बापूंनी चतुर्थीचा दिवस ठरवला. दर संकष्टीला ते पायी राजूरच्या गणपतीला जात. एका फेरीत दोन कामं होणार होती. त्या सकाळी मायनं एक चूक केली. कोकराला एवढा लांबचा प्रवास, ऊन, म्हणून तिनं त्याला शेळीचं दूध पोट फुटेपर्यंत पाजलं. तिच्या मनात फक्त माया होती. पण भरल्या पोटाचं कोकरू ओरडत नाही, झोपतं.

गावाबाहेर पडेपर्यंत पिशवीतल्या हिंदकळण्यानं ते ओरडत होतं आणि कोतवाल झपझप चालला होता. बापू दहा पावलं मागं, काठी टेकत. मी मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, मला वाटलं, थोडं आश्चर्य होतं. पहिल्या नाल्यापलीकडच्या चढावर कोकरू झोपलं. कोतवाल थांबला. मी शेपटी ओढली, पिशवी हलवली, कोकरानं एक डोळा उघडून मिटला. बापू येऊन पोचले आणि काठीवर टेकून उभे राहिले. राजूर अजून चार किलोमीटर होतं. बाराव्या वर्षी माणसाला अब्रू असते, कदाचित नंतरच्यापेक्षा जास्तच. मी समोर पाहिलं, श्वास घेतला आणि ओरडले. कोतवाल निघाला.

बापू काठी टेकत मागून चालू लागले. मग मागून आवाज आला. “हे काय करून राह्यली?”

मी त्यांना सगळं सांगितलं. कोकरू, तळ, पिशव्या, वरवंटा. सांगताना दर थोड्या अंतरानं मला मधेच ओरडावं लागत होतं, त्यामुळं वाक्यं तुटक झाली. बापूंनी दोन्ही बाजूंचं ऐकावं तसं ऐकलं.

“राजुरातबी असंच वरडणार?”

“व्हय.”

“भर बाजारात? चतुर्थीच्या गर्दीत?”

“न्हाई वरडले तं ते चालणार न्हाई, बापू.”

ते पन्नासेक पावलं विचार करत चालले. मला त्यांच्या काठीचा आवाज मोजता येत होता. “दोर धरून वढायचं न्हाई, असं बोललो व्हतो,” ते शेवटी म्हणाले. “वरडायचं न्हाई, असं बोललो नव्हतो. चाल.” बांधाच्या भांडणात ते जसा निवाडा देत, तसाच हा होता, आपल्याच विरुद्ध दिला म्हणून त्यात फरक नव्हता.

राजुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी दुकानं लागली होती, हार, दूर्वा, नारळ, पेढे. कोतवालानं एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. तो बरोबर रस्त्याच्या मध्यावर उभा राहिला. मी हळू आवाजात ओरडले. गर्दीत ते त्याला ऐकू आलं नाही. मोठ्यानं ओरडले. आजूबाजूचे लोक थांबले. एक पान खाल्लेला नारळवाला माझ्याकडं बघून तितक्याच मोठ्यानं ओरडला, ब्यॅऽऽ. त्याच्या शेजारचा ओरडला. पेढ्याच्या दुकानातून दोघं ओरडले. रांगेतली पोरं ओरडली, त्यांना गप्प करणाऱ्या बायकांपैकी एक ओरडली. काही क्षणांत तो सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी मेंढ्यांसारखा ओरडत होता, आणि कोणालाच माहीत नव्हतं की या आवाजाचा त्या तट्टाला अर्थ कळतो.

कोतवालाच्या दृष्टीनं, त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा तळ निघाला होता. त्यानं दोन्ही कान टवकारले आणि चौखूर सुटला. हारवाल्यांच्या टोपल्यांमधून, नारळांच्या ढिगाला वळसा घालून, देवळाची कमान डावीकडं ठेवून तो उधळला. कोणाला धक्का लागला नाही. त्याला मेंढ्यांमधून वाट काढण्याची सवय होती. मी आयाळीत तोंड खुपसलं होतं. वरवंटा माझ्या गुडघ्यावर आपटत होता. कोकरू जागं झालं आणि नको तेव्हा ओरडू लागलं. शाळा आली. कौलारू इमारत, पुढं कडुनिंब, ओसरीवर खुर्चीत बसून कागद वाचणारे एक गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला, एवढं मला दिसलं. शाळा गेली. मी हसत होते. भीती वाटत होती की नाही ते आठवत नाही. हसत होते हे नक्की, कारण तोंडात आयाळ गेली होती. गावाबाहेर, बाजाराचा आवाज संपला तिथं, कोतवाल थांबला आणि बाभळीच्या शेंगा खाऊ लागला. बऱ्याच वेळानं बापू आले. धोतराचा सोगा हातात, कपाळावर गुलाल, आणि कोणीतरी हातात कोंबलेला अर्धा नारळ. त्यांनी नारळ मला दिला आणि वळले. म्हणाले, उन्हाच्या आत पोचू.

उन्हाच्या आत पोचणं झालं नाही. बाजार टाळून बाहेरच्या वाटेनं आलो. कोकरू पुन्हा झोपलं होतं आणि सगळी वाट मला एकटीला ओरडावं लागलं. दुसऱ्या नाल्यापाशी माझा घसा बसला. नाला कोरडा होता. नुसती वाळू, आणि ती तापलेली. बापू आधी उतरून पलीकडं चढले होते. कोतवाल नाल्याच्या मध्यावर थांबला. मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, हवा आली.

“वरड,” बापू वरून म्हणाले.

मी गळ्याकडं बोट दाखवलं. खाली उतरून दोर धरला असता तर कोतवाल आला असता, पण मग अट मोडली असती. हे मला माहीत होतं, बापूंनाही माहीत होतं. मी खाली उतरले नाही. त्यांनीही उतर म्हटलं नाही. वाळूची धग वर येत होती आणि तट्टू एकेक पाय उचलून ठेवत होतं. बापूंनी आल्या वाटेकडं पाहिलं. गावाच्या वाटेकडं पाहिलं. लांबवर एक बाई शेण गोळा करत होती, ती वाकलेली होती. मग त्यांनी डोक्यावरचा पटका उतरवला. त्यांना उघड्या डोक्यानं मी तोवर पाहिलं नव्हतं. केस मधे विरळ आणि अगदी पांढरे होते. पटका नीट घडी करून त्यांनी काखेत धरला आणि ओरडले. ब्यॅऽऽ. खर्जातला, संथ, म्हाताऱ्या मेंढ्याचा आवाज होता तो. कोतवाल एका दमात नाला चढून त्यांच्यापाशी गेला आणि त्यानं त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तोंडात धरलं. बापूंनी ते सोडवून घेतलं, पटका बांधला, आणि आम्ही घरी आलो. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते असेतोवर मी हे कोणाला सांगितलं नाही.

अंगणात माय वाटच पाहत होती. तिनं कोतवालापुढं पाण्याची बादली ठेवली आणि त्याला विचारलं, कसं झालं रे बाबा. बापू हातपाय धुवायला गेले. रात्री चंद्र उगवल्यावर, जेवताना तिनं पुन्हा विचारलं, दारातून, तट्टाकडं तोंड करून. बापूंनी दोन भाकरी आमटीत चुरून खाल्ल्या आणि अंगणात बाजेवर जाऊन पडले. दादांनी माझ्याकडं पाहिलं. माझा घसा इतका बसला होता की मला होय किंवा नाही यांपैकी काहीच सांगता आलं नाही, आणि सांगण्यासारखं होतं तरी काय. वाक्य अजून आलं नव्हतं.

सकाळी बापूंनी दादांना हाक मारून सातवीचा दाखला मागितला. माझ्याकडं पाहून म्हणाले, लेंगा घाल. एवढंच. आम्ही दोघं पुन्हा राजूरला निघालो. कोकराला त्या दिवशी दूध कमी पाजलं होतं.

ओसरीवरचे ते गृहस्थ मुख्याध्यापक निघाले. त्यांनी दाखला वाचला, टाक दौतीत बुडवला आणि चष्म्यावरून आधी बाहेर कडुनिंबाला बांधलेल्या तट्टाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. खोलीत आणखी तीन-चार पालक बसले होते, सगळे आसपासच्या गावांतले, बापूंना ओळखणारे. मुख्याध्यापकांनी विचारलं, “काल भर बाजारातून मेंढीसारखी ओरडत गेली, ती हीच का?”

पालकांपैकी एकजण खोकला. मी जमिनीकडं पाहत होते.

“हीच,” बापू म्हणाले. “आवाज कमी पडतो तिचा. म्हणून तं आणली. नाव लिहा.”